खटला जिंकलो, पण खर्च कोणाच्या खिशातून? (घरच्या कंपनीतला भागधारकांचा वाद)

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षे वाचतो आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय. थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

शिरोली एमआयडीसीत आमच्या घरची फाउंड्री आहे. बाबा आणि थोरले काका यांनी मिळून उभी केली, पुढे प्रायव्हेट लिमिटेड झाली. बाबांकडे २२ टक्के शेअर, काकांच्या घराकडे ७८. काका होते तोवर कागद कोणी उघडून पाहिला नाही. ते गेल्यावर दोन-तीन वर्षांत चित्र बदललं. लाभांश बंद, चुलत भावांचे पगार दुप्पट, आणि २०१८ मध्ये बाबांना संचालकपदावरून काढलं. ज्या भट्टीपाशी त्यांनी तीस वर्षं काढली तिथे गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून आत जायची वेळ आली. मग कंपनी कायद्याच्या कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, पिटिशन टाकलं.

मागच्या महिन्यात निकाल लागला. बाबांवर अन्याय झाला हे मान्य झालं. त्यांचे शेअर चुलत भावांनी १ कोटी ४ लाखांना विकत घ्यायचे, असा आदेश आहे. सगळे पेढे घेऊन आले. बाबांनी मात्र आदेशाची शेवटची ओळ मला पुन्हा वाचायला सांगितली: खर्चाबाबत आदेश नाही.

त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. पहिल्या तारखेपासून प्रत्येक पैसा त्यात आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं, दादरला उतरून टॅक्सी, झेरॉक्स, नोटरी, सिनियर काउन्सेलची चार वेळची फी, कॉन्फरन्सची (त्यांच्याशी सल्ल्याच्या बैठकीची) वेगळी, शेअरची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरचा आमच्या वाट्याचा अर्धा खर्च. बेरीज ३१ लाख ४० हजार. त्यासाठी आईचे दागिने बँकेत आहेत आणि माझा कागलचा प्लॉट गेला.

आणि समोरच्यांचा खर्च? त्यांच्या खिशातून एक रुपया गेला नाही. सगळी बिलं कंपनीने भरली. ताळेबंदात ‘लीगल अँड प्रोफेशनल चार्जेस’ २०१७-१८ ला १ लाख ८० हजार होते, २०२१-२२ ला १९ लाख झाले. म्हणजे बाबांनी स्वतःचा वकील स्वतःच्या पैशाने लावला आणि समोरच्या वकिलाच्या फीतही २२ टक्के त्यांचेच.

माझे प्रश्न दोन. जिंकणाऱ्याला खर्च मिळावा असा आपल्याकडे नियम आहे की नाही? आणि केवळ खर्चासाठी अपिलात जाण्यात अर्थ आहे का? ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे कृपया लिहू नका. ती पायरी चढून झाली आहे.

शेवंती

आईचे दागिने वाचून गलबलून आलं. कायद्यातलं मला काही कळत नाही, पण बाबांनी वही ठेवली हे फार चांगलं केलं. ती जपा, आणि प्रत्येक पानाचे फोटो आजच काढून ठेवा.

काळा कोट

मी कंपनी आणि व्यापारी दावे चालवतो. पंचगंगाकाठ, तुमचा पहिला प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये तत्त्व आहेच की निकाल ज्याच्या बाजूने त्याला खर्च मिळावा, आणि कोर्ट तो देणार नसेल तर कारण लिहावं. २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ अशी सवय लागल्यामुळे खोट्या दाव्यांना बळ मिळतं, खर्च वाजवी आणि प्रत्यक्षातला असावा. पण नियम आणि फीचे तक्ते जुनेच राहिले. खोट्या किंवा छळवादी दाव्याबद्दलची भरपाई कलम ३५-अ मध्ये आहे, तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये! एवढ्यात आज सिनियरची कॉन्फरन्सही होत नाही.

या मर्यादेचा फटका कसा बसतो ते २०११ च्या संजीव कुमार जैन प्रकरणात दिसलं. दिल्ली उच्च न्यायालयाने जिंकलेल्या पक्षाला प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणून ४५ लाख २८ हजार मंजूर केले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण कायद्यात आणि नियमांत एवढ्या रकमेला आधारच नव्हता. तरतुदी बदलायला हव्यात हेही त्याच निकालात सांगितलं. २०१२ मध्ये विधी आयोगाचा २४० वा अहवाल आला, तोही याच विषयावर.

खरा बदल आला तो २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने. व्यापारी वादांपुरतं कलम ३५ नव्याने लिहिलं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम झाला आणि वकिलांची फी त्यात स्पष्ट आली. पक्षकार वागले कसे, अर्धवट जिंकले का, तडजोडीचा वाजवी प्रस्ताव धुडकावला का, हेही पाहायचं आहे. ३-हजारी मर्यादाही या वादांसाठी काढून टाकली. शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंटचा वाद या कायद्याखाली येतो.

पण तुमचं पिटिशन तिथे नव्हतं. अन्यायकारक कारभाराची तक्रार कलम ४३० मुळे दिवाणी न्यायालयात नेताच येत नाही, ती एनसीएलटीतच जाते. आणि कलम ४२४ प्रमाणे एनसीएलटी दिवाणी संहितेने बांधलेली नाही, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाने चालते. खर्च बसवायचा अधिकार तिला कलम २४२ ने आणि नियमांनी दिला आहे, तोही पूर्ण विवेकाधीन. म्हणजे तेच भाऊ, तीच कंपनी. भांडण कराराचं असेल तर खर्चाचा पक्का नियम, अन्यायाचं असेल तर खंडपीठाची मर्जी. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. करारभंगापेक्षा घरातल्या माणसाला हाकलणं जास्त गंभीर आहे.

एक विचारतो, राग मानू नका. पिटिशनमधल्या मागण्यांत खर्च मागितला होता का? आणि अंतिम युक्तिवादात त्यावर कोणी चार वाक्यं बोललं का?

पंचगंगाकाठ

मागण्यांच्या शेवटी ‘खर्च मिळावा’ अशी एक ओळ आहे. युक्तिवादात त्यावर कोणी बोललं नाही. वहीही दाखल केली नाही. ती तिथे लागेल हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

क्रॉयडनकर

मी लंडनजवळ राहतो, कामानिमित्त इथल्या कंपनीवादांचे हिशेब तपासावे लागतात. इंग्लंडमध्ये ‘हरेल तो भरेल’ हा नियम पक्का आहे म्हणून तिथे सगळं आलबेल असेल असं कोणाला वाटत असेल, तर एल्गिनडेटा नावाच्या कंपनीचं प्रकरण सांगतो. असाच अल्पमतातल्या भागधारकांचा दावा. सुनावणी ४३ दिवस चालली. खर्च झाला ३ लाख २० हजार पौंड. ज्या शेअरवरून भांडण होतं ते घेतले होते ४० हजार पौंडांना, आणि शेवटी किंमत ठरली २४,६०० पौंड. इंग्लंडच्या विधी आयोगाने १९९७ च्या अहवालात हाच दाखला दिला.

पुढे निव्वळ खर्चाचा मुद्दा अपिलात गेला आणि १९९२ मध्ये तत्त्वं नीट मांडली गेली. जिंकणारा काही मुद्द्यांवर हरला म्हणून एवढ्यानेच त्याचा खर्च जात नाही. पण त्या हरलेल्या मुद्द्यांमुळे खटला लक्षणीय लांबला असेल, तर त्याचा सगळा किंवा काही खर्च कापता येतो. गैरवाजवी मुद्दे काढले असतील तर उलट समोरच्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुमचे सगळे आरोप सिद्ध झाले का?

दुसरं, इथे लेखी प्रस्तावाला फार वजन आहे. ‘पार्ट ३६’ म्हणून नियम आहे. समोरच्याने तसा प्रस्ताव दिला, तुम्ही नाकारला आणि निकालात त्याहून जास्त मिळालं नाही, तर साधारणपणे २१ दिवसांची मुदत संपल्यापासूनचा त्याचा खर्च तुम्ही भरायचा. भागधारकांच्या वादात १९९९ चा ओ’नील विरुद्ध फिलिप्स हा निकाल रोज निघतो. बहुमतवाल्याने वाजवी किमतीचा प्रस्ताव द्यावा, अल्पमताचे शेअर म्हणून किंमत कापू नये, मूल्यांकन जाणकार तज्ज्ञाने करावं, दोघांनाही सारखेच कागद मिळावेत. आणि झालेल्या खर्चाचाही विचार असावा, मात्र प्रस्ताव द्यायला वाजवी सवड मिळण्याआधीचा खर्च त्याच्यावर लादू नये. मला यातली शेवटची अट फार शहाणपणाची वाटते. भांडण सुरू व्हायच्या आधी थांबायचं कारण तिने दोघांनाही मिळतं.

पंचगंगाकाठ

प्रश्न टोचला, पण खरं उत्तर देतो. अकरा आरोप होते, पाच सिद्ध झाले. भंगार आणि वाळूच्या खरेदीत पैसे बाहेर काढले हा आमचा मोठा आरोप होता, तो टिकला नाही. त्यासाठी वेगळा ऑडिटर नेमला गेला आणि त्यातच जवळजवळ दोन वर्षं गेली. बाबांना आजही तो आरोप खरा वाटतो. मला कागद बघून तसं वाटत नाही.

प्रस्तावही आला होता. २०१९ च्या गणपतीत थोरला चुलत भाऊ घरी आला. आरती झाल्यावर म्हणाला, काका, ऐंशी घ्या आणि संपवा. लेखी काही नव्हतं, आकडा कुठून आला तेही सांगितलं नाही. बाबा म्हणाले, आधी ताळेबंद दाखव. तो उठून गेला. प्रसादाची वाटी तशीच राहिली.

हिशेबनीस

सीए आहे, म्हणून फक्त पैशाच्या वाटेबद्दल लिहितो. माझ्या मते धाग्याचा खरा मुद्दा ‘जिंकलेल्याला किती मिळावं’ हा नाहीच. लढाई कोणाच्या पैशाने लढली गेली, हा आहे. एकाच्या मागे अख्खी कंपनी आणि दुसऱ्याच्या मागे बायकोचे दागिने असतील, तर ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ हे शब्द समान दिसतात पण समान नसतात. कारण दोघांपैकी एकाने स्वतःचा काही सोसलेलाच नाही.

भागधारकांच्या आपसातल्या भांडणावर कंपनीचा पैसा खर्च होऊ नये हे तत्त्व इंग्लंडात १९८० च्या दशकातल्या क्रॉसमोर प्रकरणापासून ठळकपणे मांडलेलं आहे. कंपनी प्रतिवादी असते खरी, पण तिने तटस्थ राहावं, कागद हजर करावेत, आदेश पाळावा. यासाठी जो खर्च होईल तो तिचा. संचालकांना वाचवण्यासाठी सिनियर काउन्सेल उभा करणं हे कंपनीचं काम नाही. आयकरातही खर्च निव्वळ धंद्यासाठी असेल तरच वजावट मिळते, त्यामुळे ऑडिटरने हा प्रश्न दरवर्षी विचारायला हवा होता.

आता कंपनीने नेमकं किती भरलं हे कसं शोधायचं? प्रायव्हेट कंपनीत साध्या भागधारकाला हिशेबाची पुस्तकं तपासता येत नाहीत, तो हक्क संचालकाचा. पण वार्षिक ताळेबंद त्याला मिळायलाच हवा, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर तो फी भरून कोणालाही दिसतो. दुसरी वाट फार कमी लोकांच्या लक्षात येते. वकिलाच्या फीवरचा १८ टक्के जीएसटी वकील भरत नाही, ‘रिव्हर्स चार्ज’ने कंपनी भरते. तो जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नच्या ३.१(ड) रकान्यात येतो. त्या रकान्यात वाहतूक भाडंही असतं, म्हणून तपशील मागून घ्यावा लागतो. न्यायाधिकरणाकडून हे रिटर्न हजर करायचा आदेश मागितला की कुठल्या महिन्यात किती गेले ते समोर येतं.

आता तुमचा हिशेब. सहा वर्षांचे मिळून लीगल चार्जेस किती?

पंचगंगाकाठ

आत्ता बेरीज केली. ५८ लाख.

हिशेबनीस

नेहमीचे वर्षाला १ लाख ८० हजार धरले तर सहा वर्षांचे १० लाख ८० हजार. वादाचे म्हणून ४७ लाख २० हजार उरतात. त्याचे २२ टक्के म्हणजे १० लाख ३८ हजार. एवढे बाबांच्या शेअरच्या किमतीतून गेले, जर मूल्यांकन अलीकडच्या ताळेबंदावर केलं असेल तर. पिटिशन दाखल झालेल्या तारखेची किंमत धरली असेल तर हा मुद्दा पडतो. कुठली तारीख आहे ते आधी बघा. व्हॅल्युअरने हा खर्च परत नफ्यात मिळवला होता का, तेही अहवालात बघा.

द्राक्षबाग

सगळे एका बाजूने लिहीत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. नाशिकजवळ आमचा छोटा प्रक्रिया उद्योग आहे, बहुमत माझ्याकडे. माझ्या आतेभावाने १२ टक्क्यांच्या जोरावर पिटिशन टाकलं. दहा टक्के भांडवल असलं की पिटिशनचा हक्क मिळतो आणि फी फक्त १० हजार. हाच वाद दिवाणी कोर्टात न्यायचा असता तर महाराष्ट्रात कोर्ट फी मागणीच्या रकमेवर लागते, कमाल १० लाखांपर्यंत. एनसीएलटीत शिरायला काहीच लागत नाही. त्याला कंपनीत रस नव्हता, माझ्याकडून दुप्पट भाव हवा होता. चार वर्षं प्रत्येक वेळी कॅश क्रेडिटच्या (धंद्याच्या खेळत्या कर्जाच्या) नूतनीकरणाला बँक विचारायची, केसचं काय झालं? शेवटी पिटिशन फेटाळलं आणि खर्च मलाही मिळाला नाही.

कंपनीचा पैसा वापरायचा नाही म्हणता. पण पिटिशनमध्ये पहिली प्रतिवादी कंपनीच होती. शेअर वाटपच रद्द करा अशी मागणी होती. त्याला कंपनीने उत्तर द्यायचं नाही का? मी घरचे पैसे घालायचे का?

काळा कोट

द्राक्षबाग, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि म्हणूनच ‘कंपनीने काहीच भरू नये’ असं मी म्हणणार नाही. शेअर वाटप कायदेशीर आहे का, हा कंपनीचा प्रश्न आहे. तुमचा पगार जास्त आहे का, हा तुमचा. दोन्हींसाठी एकच वकील आणि एकच बिल झालं की वांधा होतो. वकीलपत्रं वेगळी ठेवा, बिलं वेगळी घ्या, बोर्डात ठराव करा.

तुमच्या आतेभावासारख्यांवर खर्च बसायलाच हवा. कलम २४५ च्या सामूहिक अर्जात कायद्याने दोन्ही टोकं लिहिली आहेत. अर्ज दाखल करून घेतला तर त्याचा खर्च कंपनीने किंवा अन्याय करणाऱ्याने द्यायचा, आणि अर्ज छळवादी ठरला तर अर्जदाराने एक लाखापर्यंत. २४१ च्या अर्जाबाबत असं काही लिहिलेलं नाही, योग्य वाटेल तो खर्च बसवावा एवढंच कलम २४२ म्हणतं. घराघरांतले वाद बहुतेक त्याच कलमाखाली येतात, आणि तिथेच कायदा मोघम आहे.

पंचगंगाकाठ, आता तुमचा दुसरा प्रश्न. निव्वळ खर्चासाठी अपील करू नका. खर्च हा विवेकाचा विषय, वरचं न्यायाधिकरण त्यात सहसा हात घालत नाही, आणि दिल्लीच्या फेऱ्यांत आणखी चार-पाच लाख जातील. शिवाय अकरातले सहा आरोप पडले आहेत. उद्या कोणी एल्गिनडेटाची फूटपट्टी लावली तर ३१ लाख ४० हजारांतली त्या दोन वर्षांची रक्कम आधी वजा होईल. मी तुमच्या जागी असतो तर ३१ लाखांचं नाव काढलं नसतं. १० लाख ३८ हजारांवर बोट ठेवलं असतं, कारण तो आकडा कोण जिंकलं-हरलं यावर अवलंबून नाही. ते बाबांचेच पैसे होते.

आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांची अपिलाची मुदत त्यांनाही आहे. ती संपायच्या आत वकिलामार्फत पत्र द्या. आकडेमोड जोडा, मुदत घाला, लेखी उत्तर मागा. गणपतीतल्या ऐंशीसारखं तोंडी काही ठेवू नका.

शेवंती

कोल्हापूरला आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालं ना? मग बाबांना या वयात मुंबईला का जावं लागत होतं?

काळा कोट

सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं, पण ते उच्च न्यायालयाचं. कोल्हापूरच्या कंपनीचं एनसीएलटीचं खंडपीठ मुंबईच. लांबच्या पक्षकाराला तारीख म्हणजे दोन रात्री आणि एक दिवस. हा खर्चही कोणी खर्चात धरत नाही.

पंचगंगाकाठ (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

मूल्यांकनाची तारीख निकालाच्या आदल्या वर्षाचा मार्च महिना निघाली आणि व्हॅल्युअरने लीगल चार्जेस परत मिळवले नव्हते. हिशेबनीस, तुमची बेरीज जशीच्या तशी पत्राला जोडली. ३१ लाखांचा उल्लेखही केला नाही. बाबांना ते पटायला आठ दिवस लागले. वाळूचा आरोप पडला हे ते अजून मान्य करत नाहीत, आणि मीही आता त्यावर वाद घालत नाही.

अपिलाच्या मुदतीतल्या अडतिसाव्या दिवशी उत्तर आलं. ६ लाख देतो, दोन्ही बाजूंनी अपील करायचं नाही. मला वाटलं बाबा नाही म्हणतील. त्यांनी रकमेबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त एक अट घालायला सांगितली, की हे सहा लाख कंपनीच्या खात्यातून यायचे नाहीत. मी म्हटलं, बाबा, शेअर गेल्यावर कंपनीचा पैसा आपला राहत नाही, कुठून का येईनात. तर म्हणाले, दिवाळीच्या आधी कारखान्यात किती ओढाताण असते तुला माहीत नाही, त्यातून बोनस निघायचा असतो.

अट मान्य झाली. परवा एसएच-४ वर, म्हणजे शेअर हस्तांतराच्या फॉर्मवर, सह्या झाल्या. शेअरच्या रकमेबरोबर दुसरा चेक होता, थोरल्या भावाच्या बचत खात्याचा. बाबांनी चष्मा लावून खातेदाराचं नाव वाचलं आणि मग वहीत लिहून घेतलं.